फॅटकाका

अंगावर औषधालाही चरबी नाही, तरी मालाड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत लहानथोर त्यांना 'फॅटकाका' म्हणतात. उभी नोकरी सरकारी दुग्धशाळेत दुधाचं फॅट तपासण्यात गेली. कुणाकडे चहाचा पहिला घोट घेतला की डोळे मिटून "टोंड. तीन टक्के," असा निकाल लागतो आणि त्या घरची बाई पुन्हा त्यांना चहा विचारत नाही. गणपतीच्या सभेत अध्यक्षांचं भाषण संपल्यावर ते शेजारच्याला म्हणाले होते, "पाणी बरंच आहे."

निवृत्तीनंतर तपासायला दूध उरलं नाही, म्हणून त्यांनी मुलं धरली. मे महिन्यात जिन्यात पोर सापडलं की प्रश्न ठरलेला : "दूध कुठून येतं?"

"ॲपवरून."

दुसरं पोर जास्त अभ्यासू. "ॲपवरून फक्त मागवतात, काका. येतं वॉचमनकडून."

काका त्या रात्री जेवले नाहीत, असं काकू सांगतात. हाकेच्या अंतरावर आरे कॉलनी आणि पोरांना म्हैस ठाऊक नाही! रविवारी सगळी वानरसेना रिक्षांत कोंबून त्यांनी चेकनाका गाठला आणि तिथेच इतिहास सुरू केला. मुंबईच्या गल्लीबोळांत दाटीवाटीने बांधलेल्या म्हशी दारा खुरोडींनी शहराबाहेर काढल्या आणि १९४९ मध्ये इथे त्यांची वसाहत उभी केली. पुढे १९६३ मध्ये खुरोडी, कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल या तिघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे सांगताना काकांचा चेहरा असा फुलतो की चौथा वाटा त्यांना आला असावा. आरेच्या काचेच्या बाटल्या, त्यांची पातळ पत्र्याची झाकणं, पहाटेची रांग, सगळं झालं. मुलांची शंका एकच : "इथे बिबट्या येतो ना?"

"बिबट्या दूध देत नाही," काका म्हणाले.

तबेल्याच्या दारात मुलांनी नाकं धरली. "सोडा नाकं! वासापासूनच धडा सुरू होतो." मग जिलबीसारख्या वळलेल्या शिंगांची मुऱ्हा, पेंड, कडबा, रवंथ, पान्हा. म्हशीचं फॅट सहा-सात टक्के, गाईचं साडेतीन-चार. पहिले काही दिवस चीक, तो पारडासाठी. भैया कासेला हात घालून बसला आणि बादलीत धार वाजली, तेव्हा मात्र सगळी पोरं गप्प झाली. पिशवीतल्या दुधाला आवाज नसतो.

तेवढ्यात दुसरीतली एक चिमुरडी म्हणाली, "पण ती दूध देते कशाला?"

काका खूश. इतकी वर्षं हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "अगं, ती व्यायली म्हणून! दहा महिने पारडू पोटात वाढवते, ते जन्मलं की दूध येतं."

"म्हणजे दूध त्याचं?"

"हो... म्हणजे त्याला देऊन उरलेलं आपलं."

कोपऱ्यात एक पारडू बांधलेलं होतं. "हा मुलगा आहे की मुलगी?"

"पारडी आहे."

"मग मुलगे कुठे आहेत?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. भैया बादलीत बघू लागला. "चला रे," काका म्हणाले, "तिकडे झाडीत बिबट्या दिसतो कधीकधी."

दुसऱ्या दिवशी बी विंगमधल्या बऱ्याच घरांत दुधाचे पेले तसेच राहिले. "ते पारडाचं आहे," एवढं एकच कारण. ग्रुपवर आयांनी काकांची जी साय काढली, तिचं फॅट काकांनाही मोजता आलं नसतं. 'सहल कुणाला विचारून काढली', इथपासून 'कॅल्शियमचं काय', इथपर्यंत. काकांनी उत्तर दिलं नाही. दोन दिवस ते जिन्यातही दिसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोठा स्टीलचा डबा घेऊन बागेत हजर. आत थंडगार, थरथरता, पिवळसर खरवस. वड्या कापून त्यांनी एकेकाच्या हातावर ठेवल्या. पोरांनी मिटक्या मारल्या, पुन्हा हात पुढे केले. चिमुरडीने आपली वडी उलटसुलट करून पाहिली, हुंगली.

"काका, हे कशाचं आहे?"

दुधाच्या थेंबाबद्दलही आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या काकांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"वेलचीचं," ते म्हणाले.