सासू, सून आणि सहस्रबाहू

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर जाताना पाण्याची बाटली न्यावी, टोपी न्यावी, शब्दकोश मात्र खालीच ठेवावा. शब्दांचे अर्थ सांगायला वर माणसं हजर असतात आणि ती सांगतात ते अर्थ कुठल्याच कोशात नसल्यामुळे पडताळणीचा त्रास वाचतो. इंग्रजी घरांतून एक बैठा खेळ चालतो. शब्दकोशातून कुणालाच ठाऊक नसलेला शब्द काढायचा, प्रत्येकाने चिठ्ठीवर त्याचा आपल्या मनचा अर्थ लिहायचा, खरा अर्थही त्या चिठ्ठ्यांत मिसळायचा आणि मग खरा कोणता यावर मतं घ्यायची. ज्याच्या थापेला मतं जास्त, तो जिंकला. बीबीसीने १९६५ पासून या खेळाचा ‘कॉल माय ब्लफ’ नावाचा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालवला. ग्वाल्हेरने तो चालवायला दूरदर्शनची वाट पाहिली नाही. इथे दगडादगडाच्या नावावर हा डाव शतकानुशतकं रंगलेला आहे. गाईड थापा मारतो आणि विद्वान खरं सांगतो, अशी जी वाटणी आपण गृहीत धरतो ती या किल्ल्यावर टिकत नाही. दोघेही चिठ्ठ्याच टाकत असतात आणि पुष्कळदा गाईडची चिठ्ठी सरस निघते.

सुरुवात शहराच्या नावापासूनच करावी. सूरज सेन नावाचा राजा शिकारीला आला, तहानेने व्याकूळ झाला, ग्वालिपा नावाच्या साधूने त्याला कुंडातलं पाणी पाजलं आणि राजाचं कुष्ठ गेलं. म्हणून गावाला साधूचं नाव. साधूने पुढे असंही बजावलं की वंशजांच्या नावात ‘पाल’ असेपर्यंत राज्य टिकेल. त्र्याऐंशी पिढ्यांनी ते पाळलं, चौऱ्याऐंशीव्याने तेजकरण नाव लावलं आणि राज्य गमावलं. नाव बदलण्याचा इतका महागडा अर्ज भारतीय इतिहासात दुसरा नसावा. आता सहाव्या शतकातल्या मिहिरकुलाच्या काळचा इथला शिलालेख या डोंगराला गोपगिरी म्हणतो, म्हणजे गुराख्यांचा डोंगर. साधू त्यात कुठेच नाही. ‘ग्वाल’ शब्द आधी होता आणि त्याला शोभेसा साधू मागाहून नेमला गेला, असंच दिसतं. पण खेळाडू म्हणून या साधूला दाद दिली पाहिजे. त्याच्या चिठ्ठीला साक्षीदार आहे. सूरज कुंड आजही किल्ल्यावर आहे आणि गाईड त्याच्याकडे बोट दाखवू शकतो, गोपगिरीकडे बोट दाखवायचं तर ते पायाखालीच जातं. मराठी माणसालाही डाव टाकायला इथे जागा आहे. आपण गावाला ग्वाल्हेर म्हणतो, तेव्हा ‘गवळणींचं माहेर ते ग्वाल्हेर’ अशी चिठ्ठी टाकायला काय हरकत? अर्थ साफ खोटा आहे, पण मंगळागौरीच्या रात्री सर्वानुमते मंजूर होईल.

माहेरावरून ओघानेच सासर येतं. किल्ल्याच्या पूर्व कड्यावर दोन देवळं आहेत, एक मोठं आणि एक लहान. नाव सास-बहू. गाईड सांगतो की राणी विष्णूची भक्त आणि सून आली ती शिवाची, म्हणून दोन देवळं. हे ऐकून शिकलेला प्रवासी मंद हसतो आणि बरोबरच्या लोकांना सांगतो, ‘‘अहो, मूळ नाव सहस्रबाहू. अडाणी लोकांनी सास-बहू केलं.’’ मंडळी माना डोलावतात, गाईड हरतो. पण थोडं थांबावं. देवळातच शिलालेख आहे, विक्रम संवत ११५०चा, म्हणजे इसवी सन १०९३चा, कच्छपघात वंशातल्या महीपाल राजाचा. त्यात विष्णूचं नाव पद्मनाथ असं दिलं आहे. म्हणजे सुधारलेला अर्थही दगडावर नाही, तोसुद्धा एक चिठ्ठीच आहे, फक्त संस्कृतात लिहिलेली. यावर आक्षेप येईल की देवाला अनेक नावं असतात, पद्मनाथ लिहिला म्हणून सहस्रबाहू नव्हता असं कसं? खरं आहे. विष्णूला हजार नावं असल्यामुळे व्युत्पत्तिकाराची कधीच अडचण होत नाही, अपभ्रंशाच्या जवळचं एखादं सापडतंच. पण उदयपूरजवळच्या नागद्यालाही विष्णूची अशीच जोडदेवळं आहेत, एक मोठं, एक लहान, आणि त्यांनाही सास-बहूच म्हणतात. तिथेही तोच सहस्रबाहू पुढे केला जातो. दोन वेगळ्या राज्यांतल्या अडाण्यांनी एकच संस्कृत नाव एकाच पद्धतीने बिघडवावं, याला फार शिस्त लागते. शेजारी शेजारी उभं असलेलं थोरलं आणि धाकटं पाहून दोन्हीकडच्या लोकांना एकच नातं सुचावं, याला शिस्त लागत नाही, एकत्र कुटुंब पुरतं. म्हणून माझं मत सासूला. अर्थात सासू-सुनेने ही देवळं बांधली हे खोटंच, पण नाव कसं पडलं याचा खुलासा मात्र गाईडच्या थापेत अधिक आहे.

खरी चुरस तेली का मंदिरापाशी आहे. आठव्या-नवव्या शतकातलं, सुमारे ३० मीटर उंच, किल्ल्यावरची सगळ्यात उंच वास्तू. एवढं देऊळ आणि नाव तेल्याचं! हे अनेकांच्या पचनी पडलं नाही. मग कुणी म्हणालं, तेली नव्हे, तेलंगण. शिखराऐवजी वर गजपृष्ठासारखं लांबट छप्पर आहे, दक्षिणेतल्या गोपुराची आठवण करून देतं, म्हणून तेलंगी. कुणी तेलंगी ब्राह्मणांना पूजेला आणून बसवलं. या चिठ्ठ्या हुशार आहेत, यात वाद नाही. पण त्या टाकताना मनात एक न बोललेलं गृहीत आहे की एखाद्या तेल्याचं एवढं मोठं देऊळ असूच शकत नाही. आता याच किल्ल्याच्या चढावर चतुर्भुज देवळात जावं. तिथला संवत ९३३चा, म्हणजे इसवी सन ८७६चा शिलालेख जगभर प्रसिद्ध आहे तो शून्यासाठी. देवाच्या फुलबागेची मापं २७० हात आणि १८७ हात, आणि रोज ५० हार. या २७० आणि ५० मधली शून्यं पाहायला दूरदूरचे गणिती घाम गाळत चढतात आणि टिंबाएवढं वर्तुळ पाहून तृप्त होतात. याच देवळाच्या लेखात तेलीही आहेत, हे मात्र शून्याच्या झगमगाटात दिसत नाही. देवाच्या दिव्यासाठी तेल्यांच्या श्रेणीने दर घाण्यामागे पळीभर तेल देण्याचं ठरवलं, अशी ती नोंद. म्हणजे नवव्या शतकात या डोंगराच्या आसपास तेली संघटित होते, दानशूर होते आणि आपलं दान दगडावर कोरून घेण्याइतके वजनदारही होते. हा लेख दुसऱ्या देवळाचा आहे, त्यावरून तेली का मंदिर तेल्यांनी बांधलं हे सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे आणि तो मान्य करावा. पण तेलंगणाच्या बाजूने एवढासुद्धा दगड किल्ल्यावर नाही. तेल्याला हटवून तेलंगाला आणणारा विद्वान पुराव्याने बोलत नव्हता, शिष्टाचाराने बोलत होता. (१८५७ नंतर गोऱ्यांनी याच देवळात सोडावॉटरचा कारखाना काढला होता, असं प्रवासी मार्गदर्शिका छापतात. तरी त्याला कुणी ‘सोडा का मंदिर’ म्हणत नाही, यावरून नाव टिकायला गॅस पुरत नाही एवढं कळतं.)

गंभीर वाचक इथे अडवील. खेळात सगळ्यांना ठाऊक असतं की हा खेळ आहे आणि शेवटी खरी चिठ्ठी उघडतात. गाईड ती उघडत नाही, उलट पैसे घेतो. बरोबर. पण कोशकार तरी दर वेळी उघडतात का? १९३४च्या वेबस्टरच्या मोठ्या इंग्रजी कोशात ‘डॉर्ड’ हा शब्द ‘घनता’ या अर्थाने छापला गेला. घनतेसाठी डी हे अक्षर, मोठं किंवा लहान, अशा आशयाचं टिपण होतं. ते ‘डी ऑर डी’ सलग वाचलं गेलं आणि शब्द जन्माला आला. ही चूक १९३९ साली ध्यानात आली. न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन कोशाने तर २००१ साली ‘एस्क्विव्हेलियन्स’ हा बनावट शब्द जाणूनबुजून घातला, कुणी कोश चोरला तर पकडता यावा म्हणून. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे स्थळांच्या आणि आडनावांच्या व्युत्पत्त्या ज्या वेगाने आणि ज्या खात्रीने देत, त्यांतल्या काही वाचताना आजही वाटतं की समोर मतदानाला कुणी बसवलं असतं तर मजा आली असती. तेव्हा एकट्या गाईडच्या कानाला धरण्यात अर्थ नाही. जिथे खोट्या अर्थावरून कुणाचा हक्क किंवा मान काढून घेतला जातो तिथे डाव थांबवावा, हे कबूल. पण तेल्याच्या बाबतीत ते काम गाईडने केलेलं नाही.

या खेळाची परमावधी मात्र किल्ल्याखाली, गाण्यात आहे. ग्वाल्हेर म्हणजे हद्दू-हस्सू खाँचं घराणं, जे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणून रुजवलं. या गायकीत तराण्याला मान मोठा. तोम, तनन, ओदानी, तोदानी. शब्द आहेत, अर्थ नाही, आणि लयीला तो लागतही नाही. तरीही उस्ताद अमीर खाँसाहेबांनी प्रतिपादन केलं की हे निरर्थक बोल नव्हेत, फारसी-अरबी आहेत. ‘तोदानी’ म्हणजे ‘तू जाणतोस’. विरोधी पक्ष म्हणतो की हे तंतुवाद्याचे बोल गळ्यात आले, बाकी काही नाही. इथे खरी चिठ्ठी कुणाकडेच नाही आणि कदाचित ती लिहिलीच गेलेली नाही. पण खाँसाहेबांचा अर्थ मनात धरून तराणा ऐकला तर चांगला लागतो, न धरता ऐकला तरी चांगला लागतो, त्यामुळे मतदान तहकूब ठेवणं श्रोत्यांच्या हिताचं.

मराठी प्रवाशाची सगळ्यात जास्त फसगत होते ती लष्करात. दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला तळ ठोकला, तंबू गेले, बाजार आले, पण नाव राहिलं लष्कर. ओळखीचे शब्द इथे इतके की माणूस गाफील होतो. फालका बाजार पाहून फाळके सरदार आठवतात, हुजरात पाहून हुजुरातीची पागा आठवते, आणि पुढे कंपू लागतो. आपल्याकडे संपादकांचा कंपू असतो, साहित्य संमेलनात दोन असतात. इथे कंपू हा मोहल्ला आहे. शिंद्यांच्या कवायती पलटणींना कंपू म्हणत, त्यांच्या पदरच्या डी बॉयन या सेनानीने उभ्या केलेल्या त्या फौजांचा हा शब्द, आणि तो मूळ अर्थाला धरून ग्वाल्हेरात जागच्या जागी राहिला. वाट सोडून टोळकं झाला तो पुण्या-मुंबईत. म्हणजे या एका शब्दापुरती खरी चिठ्ठी ग्वाल्हेरच्या रिक्षावाल्याच्या हातात आहे आणि बनावट अर्थ आपल्या खिशात. कंपूला जायचं आहे म्हटल्यावर तो फक्त भाडं सांगतो, कुणाच्या कंपूत आहात हे विचारत नाही.