पाणी मुरतंय कुठे?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जुनी गाडी बाळगणारे पुष्कळ आहेत. गाडीची गळती बाळगणारे म्हणजे नानासाहेब. हा माणूस एकटा नाही. कंपूपासून जनकगंजापर्यंत मराठी घरांच्या कुठल्याही गल्लीत शिरा, एक तरी सापडेल. वय सत्तरीपुढचं, सगळी नोकरी महालेखाकार कार्यालयात, म्हणजे गावाच्या भाषेत ‘एजी ऑफिसात’ झालेली, वाड्याचा वाट्याला आलेला तिसरा हिस्सा आणि त्या हिश्शाच्या देवडीत उभी असलेली प्रीमियर पद्मिनी.

तिला पद्मिनी म्हणायचं नाही, फियाट म्हणायचं. ‘ॲम्बॅसॅडर कलकत्त्याकडची. ही आपली, कुर्ल्याची,’ असं ते आल्यागेल्याला सांगतात. कारखाना काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे, हेही सांगतात. दोन शतकांमागे दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर इथे येऊन राहिलेल्या घराण्यातल्या माणसाला कुर्ला आपलं वाटावं, यात लष्करात कुणाला काही वावगं दिसत नाही. गाडी महाराज बाड्यापर्यंत शेवटची कधी गेली, एवढं मात्र विचारू नये.

रेडिएटरमधलं पाणी कमी व्हायला लागलं. दुसऱ्या कुणी मिस्त्रीला हाक मारली असती. नानासाहेबांनी वही उघडली. डाव्या पानावर जमा, म्हणजे सकाळी रेडिएटरमध्ये ओतलेलं पाणी. उजव्या पानावर खर्च, म्हणजे देवडीतच इंजिन अर्धा तास चालवून खाली ठेवलेल्या परातीत पडलेलं पाणी. ओतलं साडेसातशे मिलिलिटर, परातीत चारशे. ‘साडेतीनशेचा हिशेब लागत नाही,’ ते चष्म्यावरून बघत म्हणाले. ‘कुठेतरी पाणी मुरून राहिलं आहे.’ ज्या सुरात त्यांनी एके काळी बांधकाम खात्याच्या इंजिनियरला सिमेंटची पोती विचारली असतील, त्याच सुरात त्यांनी हे गाडीला विचारलं.

वही काही खुळेपणाची नव्हती, हे कबूल केलं पाहिजे. तापलेल्या लोखंडावर पडलेला थेंब परातीत पोचायच्या आत वाफ होऊन जातो आणि मागे फक्त पांढरट डाग ठेवतो. पण हरवलेलं पाणी याहून वाईट वाटेनंही जाऊ शकतं. या गाडीचं हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं आणि दोघांच्या मधे पिचत असतं बिचारं गॅसकेट. ते फुटलं की पाणी तेलात उतरतं आणि ऑइलची पट्टी दुधाच्या चहात बुडवल्यासारखी बाहेर येते. नानासाहेबांनी पट्टी काढून, धोतराच्या सोग्याला पुसून, पुन्हा बुडवून पाहिली. तेल काळंभोर, निखळ. गॅसकेटवरचा आक्षेप त्यांनी मागे घेतला, आणि इथवर त्यांचं सगळं बरोबर होतं.

पुढे इतिहास आडवा आला. ‘तिघऱ्याचं धरण १९१७ साली फुटलं ते का? पायातल्या वालुकाश्मात पाणी शिरलं म्हणून. पाणी नेहमी खालून जातं, लक्षात ठेवा.’ धरणाची हकीकत खरी आहे. पण तिच्या जोरावर नानासाहेब सगळी दुपार गाडीखाली घोंगडी टाकून पडले आणि पाणी जात होतं पुढून, वरून. चालत्या इंजिनाचा पंखा थेंब मागे उडवतो. म्हणून पाणी जिथं टपकतं तिथंच गळत असेल असं नाही. नानासाहेब मात्र परातीच्या बरोबर वरच्या प्रत्येक नटाला नोटीस बजावत गेले.

मग हळद. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली की बारीक गळती बुजते, हा ट्रकवाल्यांचा जुना तोडगा. कधी लागूही पडतो. नानासाहेबांनी मूठभर म्हणजे डबाभर असा अर्थ लावला. परातीत पिवळं पाणी पडायला लागलं तेव्हा काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘गाडीला हळद लागली, आता वरात कधी निघते ते तेवढं सांगा.’

शेवटी नानासाहेबांनी काकूंच्या फणेरपेटीतला आरसा पळवला, तो काडीला बांधला, आणि टॉर्च घेऊन पंख्याच्या मागे धरला. वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या, पोटाखाली एक छिद्र, आणि त्या छिद्राच्या काठावर पिवळा थेंब. आम्हा सगळ्यांना एकेक करून आरशात दाखवण्यात आला. त्यांनी वहीत लाल शाईनं खूण केली, एम-सीलच्या दोन वळ्या मळून एक केल्या आणि छिद्र बंद करून टाकलं. परात कोरडी! वाड्यात बेडई-जिलबी वाटली गेली.

हा कोरडेपणा जेमतेम आठवडाभर टिकला. मग गाडी ओरडायला लागली, आधी बारीक, नंतर दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जाईल अशी. ग्वाल्हेर घराण्याच्या गावात अशा आवाजाकडे कुणी नुसतं दुर्लक्ष करत नाही. शेजारच्या गाण्याच्या मास्तरांनी खिडकीतून सांगितलं, ‘नानासाहेब, निषाद आहे, पण फार चढा लागतोय.’

मिस्त्री आला. त्यानं पंख्याचं पातं धरून हलवलं, ते लटलटलं. खाली हात घालून एम-सील चाचपलं आणि शांतपणे म्हणाला, ‘नाना साहब, यह छेद तो कंपनी ने बनाया है।’

पंपाच्या आत पाणी आणि बेअरिंग यांच्यामध्ये एक सील असतं. ते झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता या छिद्रातून बाहेर पडावं आणि मालकाला वर्दी मिळावी, एवढ्याचसाठी ते भोक असतं. वर्दी देणाऱ्याचं तोंड बंद केल्यावर पाणी बेअरिंगमध्ये शिरलं, ग्रीस धुऊन गेलं, आणि शंभराच्या सीलवर भागलं असतं तिथं अख्खी वॉटर बॉडी दिल्लीच्या काश्मिरी गेटहून मागवावी लागली.

‘कंपनीनं गळायला मुद्दाम भोक ठेवलं?’ नानासाहेब खरोखर दुखावले होते. ‘हे पास कुणी केलं?’ नवा पंप बसला, परात काकूंना परत मिळाली, तरी वहीतला आक्षेप त्यांनी निकाली काढला नाही. तो कारखान्याकडे खुलाशासाठी पाठवायचा आहे. कुर्ल्यातून पद्मिनी बाहेर पडणं २०००च्या सुमारासच थांबलं, पण हा मुद्दा ऑडिटला गैरलागू आहे.

तुमच्याही देवडीत अशी एखादी गाडी असेल, तर उन्हाळ्याआधी वॉटर बॉडी एकदा मिस्त्रीला दाखवा. ग्वाल्हेरचा मे पंचेचाळीस अंशांपुढे जातो, तेव्हा रेडिएटर कुणाचं ऐकत नाही. नानासाहेब मदतीला येतीलच. त्यांना वही आणू द्या, आरसा आणू द्या, थेंबही त्यांनाच शोधू द्या. एम-सील मात्र आधीच लपवून ठेवा.