पहिलटकरीण
नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीत एक तरी काकू अशा असतातच, की कुणाला दिवस गेलेत हे सासूच्या आधी त्यांना कळतं. हळिवाचे लाडू, धुरी, शेक यांत त्यांचा हात धरणारं कुणी नाही. पण हल्लीच्या मुली हॉस्पिटलातून परस्पर पुण्याला जातात आणि बाळाला न्हाऊ घालायला बाई लावतात. आमच्या काकू त्यामुळे बरेच दिवस रिकाम्या होत्या.

अशात नातवाने पांढऱ्या उंदरांची जोडी आणली. दोन्ही नर, असं दुकानदाराने छातीठोक सांगितलं होतं. एकाचं पोट सुटू लागलं तेव्हा घरच्यांनी त्याचे दाणे कमी केले. काकूंनी पिंजऱ्यात एकदाच डोकावून निकाल दिला, "अरे मेल्यांनो, पहिलटकरीण आहे ती. उपाशी कसली ठेवताय?"

उंदरांचे दिवस १९ ते २१च असतात, हे कळल्यावर काकूंना खरा धक्का बसला. चोरओटी कधी, डोहाळजेवण कधी? जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांची उरलीसुरली हौसही मोडीत काढली. धुरी नको, उंदरांची छाती नाजूक असते. मऊ जुनी साडी नको, दोऱ्यात पिल्लांचे पाय अडकतात. बिनवासाचा टिश्यू पेपर द्या, ती फाडून घरटं करील. डिंकाचा लाडू तर नकोच. प्रथिनं हवीत, उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्या. काकूंकडे चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर असतो. अंडं आमच्या गॅसवर उकडलं आणि काकूंनी ते पदराआड नेलं. "बाळंतिणीला सगळं चालतं," हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, बहुधा देवांनाही ऐकू जावं म्हणून.

जावयाला मात्र वेगळ्या पिंजऱ्यात हलवावं लागलं. कारण उंदरीण बाळंत झाल्यावर २४ तासांच्या आत तिला पुन्हा दिवस जाऊ शकतात. हे ऐकून काकूंनी त्याच्याकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही.

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या होत्या, त्या थंडीत एका रात्री बाळंतपण झालं. नऊ पिल्लं! गुलाबी, केस नाहीत, डोळे मिटलेले, वजन ग्रॅम-दीड ग्रॅम. इथून काकूंची खरी परीक्षा सुरू झाली. हात लावायचा नाही, सारखं वाकून बघायचं नाही, पिंजरा काही दिवस साफ करायचा नाही; बाळंतीण बिथरली तर स्वतःचीच पिल्लं खाते. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांची बाळं आपल्या पायांवर घेऊन न्हाऊ घातली, तिने आता नुसतं लांब बसायचं! काकू बसल्या. दारावर "बाळंतीण झोपली आहे" अशी पाटीही लावली. कातडीतून पिल्लांच्या पोटातलं दूध पांढरं दिसतं, तेवढं चष्म्यातून लांबूनच बघायच्या आणि "पोटं भरलीत हो" असं जिन्यात सांगत सुटायच्या.

पाचवीला पिल्लांच्या अंगावर लव दिसू लागली. सटवाईसाठी काकूंनी पिंजऱ्याला टेकवून कोरा कागद आणि पेन ठेवलं. रात्रीतून बाळंतिणीने कागद गजांतून आत ओढला, त्याच्या चिंध्या केल्या आणि नऊ जणांचं नशीब त्यांच्याच खाली अंथरलं. बाराव्या दिवशी डोळे उघडले नव्हते म्हणून बारसं दोन दिवस पुढे गेलं. तोवर सगळी पळायला लागली, त्यामुळे कुणाचं नाव काय ठेवलं ते काकूंनाही सांगता येईना.

सव्वा महिना पाळायचं त्यांच्या मनात होतं. डॉक्टर म्हणाले, चार आठवड्यांच्या आत मुलं-मुली वेगळ्या करा, नाहीतर सव्वा महिन्यात या मुलींनाच दिवस जातील. काकूंच्या डोळ्यांत क्षणभर चमकलेला आनंद घरच्यांनी ओळखला आणि त्याच संध्याकाळी दोन पिंजरे आले.

आता स्थळं बघणं चालू आहे. मुली जोडीनेच द्यायच्या, एकटीला करमत नाही. मुलगे एकेकटे, कारण वयात आले की भाऊ-भाऊ एकमेकांना फाडून खातात. यासाठी डॉक्टर कशाला हवा, जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या वाटण्या आम्हीही पाहिल्यात. पंचवटीतलं एक स्थळ अगदी ठरत आलं होतं, ते काकूंनी चहा पिऊन होताच मोडलं.

"माणसं देवमाणसं हो," त्या मला म्हणाल्या, "पण घरात मांजर आहे. एवढी खाष्ट सासू माहीत असून पोरी कशा द्यायच्या?"