माती खाल्ली त्याची गोष्ट

चूक करणाऱ्याने माती खाल्ली, असं आपण म्हणतो. आमच्या घरी चूक मी केली आणि माती नवऱ्याच्या साहेबांनी खाल्ली.

नवऱ्याची बदली कोलकात्याला झाली तेव्हा आम्ही हाजरा रोडच्या आसपास घर शोधलं. तिथे महाराष्ट्र निवास आहे, म्हणजे गणपतीतले मोदक आणि बारा महिने मराठीतून भांडण, दोन्ही हाकेच्या अंतरावर. पहिल्याच पावसाळ्यात घरात बसून बसून मी पॉलिमर क्लेच्या नादी लागले. ज्या शहरात कुमारटुली ही मूर्तिकारांची वस्ती आहे, तिथे भाड्याच्या घरात मातीकाम सुरू करणं म्हणजे पंढरपुरात जाऊन वारकऱ्यांना टाळ कसा धरायचा ते शिकवणं. पण हौसेला कुठे गाव असतं?

आधीच सांगते, या मातीत माती नसते. ही पीव्हीसी, म्हणजे नळाच्या पाइपाची चुलत बहीण. मऊ राहावी म्हणून तिच्यात प्लॅस्टिसायझर घातलेलं असतं. वाऱ्यावर ती कितीही दिवस ठेवा, वाळत नाही. ओव्हनमध्ये ११० ते १३० अंशांवर, पुडीवर लिहिलं असेल तितका वेळ भाजली की घट्ट होते. जर्मनीतल्या प्रसिद्ध बाहुलीकार काथे क्रूझे यांच्या मुलीने असल्या मातीचा जम बसवला. तिला घरात फीफी म्हणत. फीफीचा 'फि' घेऊन नाव झालं फिमो. १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर या पेन्सिलवाल्या कंपनीने ती विकत घेतली. मी हे कौतुकाने वाचून दाखवलं, तर नवरा म्हणाला, "तू आधी कणीक नीट मळ."

टोमणा बरोबर बसला, कारण या कलेचा पहिला नियमच मळण्याचा. गोळा दुमडला की कडेला भेग पडता कामा नये, थेट मोदकाच्या उकडीसारखा. या परीक्षेत मी पहिल्या झटक्यात पास झाले. नापास झाले ती पांढऱ्या रंगात. पांढरी क्ले घरातला धागा अन् धागा, केस अन् केस वेचून घेते. आमच्या घरात इतकी धूळ आहे हे मला झाडूने कधी सांगितलं नव्हतं, ते तिने सांगितलं.

चितपूर रोडच्या नतुन बाजारात संदेश या मिठाईचे लाकडी साचे मिळतात. शंख, मासा, फूल. मी तीन घेतले. एकावर सुरेख वेलबुट्टी होती. साच्याला कॉर्नफ्लोअर लावून क्ले दाबली, कानातली केली आणि मिरवत वरच्या मजल्यावरच्या माशीमांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला. ती वेलबुट्टी नव्हती, बंगाली अक्षरं होती. माझ्या दोन्ही कानांवर 'गाये होलुद' लिहिलेलं होतं, म्हणजे माझ्या कानांना लग्नाची हळद लागली होती.

मग माशाच्या साच्यातून फ्रिजवर लावायचे चुंबकी संदेश करायला घेतले. पांढरा रंग मळून मळून मळकट झाला, तेव्हा त्यात थोडा तपकिरी मिसळला आणि जाहीर केलं, हे नोलेन गुडाचे. माशीमा म्हणाल्या, "बौमा, श्राबोन माशे नोलेन गुड?" सूनबाई, श्रावणात नोलेन गूळ? खजुराचा हा गूळ थंडीतला. म्हणजे आपल्याकडे दिवाळीत हापूस कापून ठेवण्यातली गत. बंगाली माणूस मूर्तीतली चूक एकवेळ पोटात घालेल, मिठाईतली नाही.

भाजलेले सहा मासे बशीत निवत ठेवले होते, चुंबक चिकटवायचे बाकी होते. तेवढ्यात नवऱ्याचे साहेब आले. मी चहा ठेवायला आत वळले. कोलकात्यात बशीतला संदेश खाण्यासाठीच असतो, यात त्यांची काही चूक नाही. मी बाहेर आले तेव्हा त्यांचे दात माशाच्या शेपटीत रुतले होते आणि चेहऱ्यावर यजमानांचा मान राखणारं हसू होतं. "एकटू शॉक्तो," ते म्हणाले. जरासा कडक आहे. दात शाबूत राहिले. शेपटीवर मात्र त्यांचा ठसा कायमचा उमटला. त्या दिवसापासून क्लेची बशी वेगळी, ट्रे वेगळा आणि ओव्हनही वेगळा. हा नियम क्लेच्या पुस्तकात आधीपासून होताच. तापमान फार चढलं तर पीव्हीसी जळून घातक वाफा सोडते, हेही त्यातच होतं. वाचलं मात्र मी साहेबांनंतर.

भाद्रपद आला आणि मला गणपती करायची सुरसुरी आली. अडीच इंची, डाव्या सोंडेचा. लांब, बारीक भागाला आत तारेचा आधार द्यावा लागतो, नाहीतर उष्णतेने तो ओळंबतो. मी दिला नाही. डाव्या सोंडेचा गणपती ओव्हनमध्ये गेला आणि उजव्या सोंडेचा बाहेर आला. आता उजव्या सोंडेचा म्हणजे कडक सोवळं! आणि आमच्याकडे तर नुकताच साहेबांनी मासा चावलेला.

सल्ला घ्यायला मी त्याला रुमालात गुंडाळून कुमारटुलीला नेलं. गल्लीत दोन्ही बाजूंना बांबू आणि पेंढ्याचे सांगाडे, त्यांवर चिखलाचे थर. भेगा पडल्या की पातळ मातीत भिजवलेल्या चिंध्या त्यांवर चिकटवतात. डोळे अजून रंगवलेले नव्हते. ते महालयाच्या दिवशी, चोक्खुदान करून. एका म्हाताऱ्या कारागिराने माझा गणपती तळहातावर घेतला, नख रोवून पाहिलं. सोंडेबद्दल तो काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "दीदी, एटा तो माटी ना. जोले गोलबे ना." पाण्यात विरघळणार नाही.

त्याच्यामागे बिनडोक्याची दहा फुटी दुर्गा उभी होती. एवढी मेहनत, आणि दशमीला गंगेत. माझी मेहनत दोन तासांची, आणि विसर्जन कधीच नाही.

तेव्हापासून बाप्पा आमच्या फ्रिजवर आहेत. अनंत चतुर्दशी येते आणि जाते, ते हलत नाहीत. माशीमा त्यांच्या कालीमातेच्या वाटणीतलं एक जास्वंद रोज खाली पाठवतात. शेजारीच दातांच्या ठशाचा मासाही आहे. साहेब पुन्हा आले तेव्हा तो त्यांनी ओळखला, आणि खिशातून संदेशाचा खरा डबा काढला.

तुम्हाला घरी करून पाहायचं असेल तर खुशाल करा. क्लेची बटणं छान होतात, कानातली होतात, फ्रिजवरचे मासेही होतात. फक्त देव करायचा झाला, तर तो विरघळणाऱ्या मातीचा करा.