पंच क्रमांक दोन

घरून निघताना जी गाडी ठणठणीत असते, मिस्त्रीच्या पुढ्यात तर नव्या नवरीसारखी शालीन होते, आणि मधल्या वाटेवर मात्र मालकाला एकटा गाठून त्याचा अंत पाहते, अशा गाडीचे एखादे धनी आपल्या परिचयात असतीलच; माझ्या वाट्याला नाना आले, आणि लोणावळ्यासारख्या हवेशीर गावी राहूनही माझे कित्येक रविवार पेट्रोलच्या वासात गेले, त्याचे कारण हेच. वडगावच्या कचेरीत उभी हयात कारकुनी केल्यामुळे, पंचनामा झाल्यावाचून एखादी घटना घडली असे नाना मानीतच नाहीत. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या जुन्या मोटारीतला कंपनीचा संगणक, म्हणजे पेट्रोल किती सोडायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची हे ठरविणारा तो मोहोरबंद पेटारा, काढून टाकला. त्या जागी आपल्या हाताने आकडे भरता येतील असा बाहेरचा संगणक बसविला. आणि तेव्हापासून ती मोटार बोरघाटात, अमृतांजन पुलाच्या आसपास, क्षणभर मरून पुन्हा जिवंत होऊ लागली.

पण कोणासमोर? नाना एकटे असले तरच. म्हणून मग पंच आले. शेजारच्या आसनावर मी, पंच क्रमांक एक. मागे आमचे निवृत्त गुरुजी, पंच क्रमांक दोन. आणि एका लांबोडक्या वहीत तारीख, स्थळ, ‘दोष हजर अगर फरार’ आणि आम्हा दोघांच्या सह्यांचे दोन रकाने. एकदा नेमकी मला शिंक आली आणि गाडी अडखळली, तर ‘दोष संशयित, पंच क्र. १ घटनासमयी शिंकत होते’ अशी नोंद झाली. एका मुंजीत, मी पंगतीत जेवत असताना, नाना मागल्या रविवारची सही राहिली म्हणून वही घेऊन आले, आणि माझा उजवा हात खरकटा पाहून, डाव्या हाताचा अंगठाही कायद्याने चालतो, असे मोठ्या समजूतदारपणे म्हणाले. १८३० सालचा तो पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला गेला, तेव्हा अवघे लोणावळे हळहळले. नानांनी मात्र स्थळाच्या रकान्यात ‘पूर्वीच्या पुलापाशी’ एवढीच दुरुस्ती केली.

उपाय सुचविणाऱ्यांचा तोटा नव्हता. एका मिस्त्रीने पेट्रोलचा पंप बदलला, दुसऱ्याने सेन्सर. तिसऱ्याने घाट उतरताना हवेचा दाब वाढतो या खऱ्या गोष्टीवरून भलताच सिद्धांत रचला. गुरुजींनी घाटातल्या शिंग्रोबा देवापुढे नाणे टाकले. यांपैकी नाण्याचा खर्च सर्वांत कमी होता.

नानांबद्दल एक गोष्ट मला नाइलाजाने कबूल केली पाहिजे: त्यांनी एका वेळी दोन वस्तू कधी बदलल्या नाहीत, आणि वही कधी खोटी लिहिली नाही. शेवटी मिस्त्र्यांना जे साधले नाही ते त्या वहीनेच केले. ‘हजर’ची प्रत्येक नोंद धुक्याची अगर मुसळधार पावसाची होती. त्याच क्षणांचे संगणकाने टिपलेले आकडे पाहावेत, तर इंजिनाचे फेरे मिनिटाला तीन हजारांवरून निमिषार्धात शून्य, आणि लगेच पुन्हा तीन हजार! फिरते जड इंजिन असे थांबू शकत नाही. म्हणजे इंजिन थांबलेच नव्हते, ते थांबल्याची खोटी वर्दी संगणकाला मिळत होती.

मग एका संध्याकाळी नानांनी दिवे, वायपर, पंखा, धुक्यात जे जे चालू असते ते सारे चालू केले, आणि मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरी संगणकाच्या ‘अर्थ’ला लावली. जिथे काटा जवळजवळ हलूच नये तिथे अर्धा व्होल्ट दिसला. दिवे मालवताच तो ओसरला. ती ‘अर्थ’ची तार बॉडीच्या रंगावरच आवळलेली होती, आणि मावळच्या पावसाने बोल्टाखाली तांबेऱ्याचा थर बसविला होता. पावसात विजेचा भार वाढला की संगणकाचे शून्यच जागेवरून हलत असे, आणि सेन्सरचा क्षीण संदेश त्या गोंधळात हरवत असे. नानांनी पॉलिश पेपरने ती जागा लखलखीत घासली, बोल्ट आवळला, आणि वहीत लिहिले: ‘आरोपी सापडला. शाबितीसाठी पुढील आषाढापर्यंत तहकूब.’

गुरुजी मार्गशीर्षात गेले.

आता आषाढ लागला आहे. गेले तीन रविवार नाना आणि मी धो धो पावसात खोपोलीपर्यंत उतरून वर आलो; गाडी एकदाही अडखळली नाही. परंतु ‘दोष निवारण’ असे लिहायला नाना तयार नाहीत, कारण दुसरा रकाना रिकामा आहे, आणि एका पंचाचा पंचनामा टिकत नाही असे त्यांचे म्हणणे आहे. मागचे आसन ते अजून कोणाला देत नव्हते. परवा प्रथमच, खिडकीबाहेर पाहत, “कोणी असेल तर विचारून पाहा,” म्हणाले. म्हणून विचारतो. रविवारी सकाळी साडेसहाला वळवणच्या नाक्यावर यावे. सही स्वच्छ हवी, आणि शक्यतो शिंकू नये.