मुंबई? मना ठाव हाय!

आमच्या काकांना सगळी मुंबई तोंडपाठ आहे. तिथं जायचं कसं, एवढंच तेवढं ठाऊक नाही.

कामणच्या माणसाला मुंबईची तशी गरजही पडत नाही. दवाखाना, तहसील, रेल्वेचं मोठं स्टेशन वसईला. उरलीसुरली कामं भिवंडीला. मुंबई लागते ती बातम्यांपुरती आणि ती घरपोच येते. दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्या आळीत टीव्ही त्याच्या बराच नंतर आला, पण आला तो दूरदर्शनच्या मनोऱ्याकडे, म्हणजे वरळीकडे तोंड करून. कौलांवर चढून अँटेना फिरवायचं काम काकांकडे असे. खालून काकी ओरडायची, "आलं... आलं... गेलं!" त्यामुळे वरळी नेमकी कुठल्या अंगाला आहे हे काका आजही डोळे मिटून सांगतील. बाकीची मुंबई मात्र त्यांनी बिनदिशेची शिकली.

पुढे चोवीस तास बातम्या सुरू झाल्या आणि काकांचा अभ्यास वाढला. पावसाळा हे त्यांचं पहिलं सत्र. हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावं आमच्या घरात नातेवाइकांसारखी घेतली जातात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासून मिठी नदीही घरचीच. त्या नदीचं नाव पुष्कळ मुंबईकरांनी त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकलं, हे काकांनी आजवर मुंबईला माफ केलेलं नाही.

दुसरं सत्र राजकारणाचं. सरकार डळमळलं की पडद्यावर चार खिडक्या उघडतात. वर डावीकडे मातोश्री, उजवीकडे सिल्व्हर ओक, खाली शिवतीर्थ आणि सागर. अधूनमधून त्यातल्या एकीत वर्षाचं फाटक येऊन बसतं. चारी फाटकांतून पांढऱ्या गाड्या आत-बाहेर करतात. वर्षानुवर्षं हे पाहून काकांची अशी पक्की समजूत झाली की ही नेतेमंडळी एकाच आळीत राहतात. "भिंतीला भिंत लागून घरं, मग एवढ्या गाड्या कशाला नाचवतात? खिडकीतून हाक मारली तरी युती होईल," असं ते एकदा म्हणाले होते. राजकीय विश्लेषण म्हणून हे काही वाईट नव्हतं.

चुलत बहिणीचं लग्न ठरलं आणि काकीनं जाहीर केलं, बस्ता दादरलाच बांधायचा, हिंदमाताला. काका ताडकन उठून बसले. "हिंदमाता? मना ठाव हाय!" आणि लेंग्याऐवजी गुडघ्यापर्यंत दुमडता येईल अशी पँट काढून ठेवली. महिना फेब्रुवारीचा होता.

कामण रोडला आमचं हक्काचं स्टेशन आहे, पण दिवा-वसई मार्गावरच्या गाड्या मोजक्या. तेव्हा बसनं वसई आणि तिथून चर्चगेटची लोकल. भाईंदरच्या खाडीवर वारा लागला तसे काका खुलले. अंधेरी आलं आणि त्यांनी समोरच्या डबा मांडीवर घेतलेल्या गृहस्थांना विचारलं, "मिलन सबवे आला की सांगाल?" सांताक्रूझ सुटल्यावर गृहस्थ म्हणाले, "तो मघाशीच गेला. खालून." काका गप्प झाले. इतक्या वर्षांची ओळख, आणि आपण त्याच्या डोक्यावरून निघून गेलो!

हिंदमातानं तर त्यांना पुरतं फसवलं. रस्ता कोरडा ठणठणीत. टॅक्सी, हातगाडी, साड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेतलेले हमाल आणि दुकानाच्या दारात "या ताई, शालू बघा, पैठणी बघा" म्हणणारे. हा कापडाचा एवढा मोठा बाजार आहे, हे एकाही वार्ताहरानं काकांना सांगितलं नव्हतं. काकी आत घासाघीस करत होती आणि काका फुटपाथवर उभे राहून पाण्याची पातळी आठवत होते. एका दुकानाच्या पायरीशी वाकून त्यांनी मला बोलावलं. "हे बघ, ह्या फरशीपर्यंत. वार्ताहर त्या खांबाशी उभा असतो." आतून दुकानदार आला. त्याला वाटलं, गिऱ्हाईक आहे. काकांनी त्याला, पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्यात त्यांचा उपयोग होतो का, असं विचारलं. दुकानदार खुर्ची घेऊन आला. पुढचा अर्धा तास दोघं २००५ पासूनच्या पावसाळ्यांची उजळणी करत होते, आणि दुकानदाराच्या दोन चुका काकांनी दुरुस्त केल्या. काकीला शालूवर जी सूट मिळाली, ती घासाघिशीमुळे मिळाली असं ती अजून समजते.

हातात वेळ होता, म्हणून पुलावरून पश्चिमेला उतरून शिवाजी पार्क. दसऱ्याला इथे मुंगीला शिरायला वाव नसतो, हे काकांनी पाहिलेलं. आता तिथे मुलं क्रिकेट खेळत होती आणि कट्ट्यावर निवृत्त मंडळी गुडघ्यांविषयी बोलत होती. काकांनी शिवतीर्थ बघितलं, मान डोलावली आणि शेजारच्या इमारतीकडे बोट केलं. "म्हणजे ही मातोश्री."

मातोश्री वांद्र्याला, कलानगरात, मघाशी गाडीनं मागे टाकलं, हे मी सांगितलं. सागर आणि वर्षा मलबार हिलला. सिल्व्हर ओक पेडर रोडच्या बाजूला. काका कट्ट्यावर बसले. पडद्यावरची आळी अशी डोळ्यांदेखत पांगलेली पाहणं सोपं नसतं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "तरीच जमत नाय त्यांचं."

मलबार हिल बघितल्याशिवाय परतायचं नाही, असा हट्ट धरून त्यांनी टॅक्सी थांबवली. काकी गठ्ठे घेऊन मागे, काका पुढे. ड्रायव्हर जौनपूरचा, पण मराठी बरं बोलत होता. कुठून आलात, असं त्यानं विचारलं.

"कामण."

"कामण! शूटिंगवालं ना? एका हिरोइनला सोडलंय तिथं. मोठा बंगला हाय, पायऱ्यावाला."

काका खुदकन हसले. तो बंगला त्यांना चांगलाच माहीत आहे. मालिकेत तो दक्षिण मुंबईतला असतो आणि समोरच्या खिडकीतून समुद्र दिसतो. प्रत्यक्षात तो आमच्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा आहे. त्याच्या पायऱ्या प्लायवूडच्या आहेत, आणि समुद्राला खिळे ठोकायला आळीतली पोरं रोजानं जातात.

"आणि तो धबधबा पण तुमच्याकडंच ना? पावसात टीव्हीवर दाखवतात, जाऊ नका म्हणून."

"ते चिंचोटी!" काका खवळले. "कामण येगळं, चिंचोटी येगळी. टीव्हीवर बघून काय कलतंय?"

आणि मग त्यांनी त्याला रस्ता सांगायला घेतला. हायवेनं चिंचोटी नाक्याला यायचं, सरळ गेलास तर अहमदाबाद. उजवीकडे भिवंडीचा रस्ता धरायचा. पावसात खड्डा दिसत नाही, म्हणून ज्या खड्ड्यात झाडाची फांदी रोवलेली असेल तो डावीकडून चुकवायचा. फांदी नसेल तर तो नवा, तो कुणालाच माहीत नसतो. कंटेनरच्या मागं राहायचं नाही. समोर कामणदुर्गाचा डोंगर दिसतो, तो मागं पडला की समजायचं पुढं गेलास.

सिग्नल कधीच हिरवा झाला होता. मागून हॉर्न वाजत होते. काकी मागून मीटरकडे बघत होती.

"चाचा, ते समजलं," ड्रायव्हर म्हणाला, "पण आत्ता डावीकडं घेऊ की उजवीकडं?"

काकांनी क्षणभर डोळे मिटले, अंदाज घेतला आणि ठामपणे हात दाखवला. "वरळी तिकडं हाय. बाकीचं तू बघ."