डोंगरात अवचित शेळी दिसल्यास

बालाघाटाच्या रांगेत भटकणाऱ्या हौशी मंडळींसाठी ही सूचना आहे. जो कडा आपण नुकताच बसत-सरकत, चार देवांची नावं घेत उतरलो, त्याच्याच टोकावर एक काळं, शिंगाळं जनावर रवंथ करत उभं असतं. अशा वेळी दुर्बीण काढण्याआधी पाणी प्यावं. हा आयबेक्स नव्हे. आयबेक्स आणि मारखोर तिकडे हिमालयाच्या अंगाला. नीलगिरी ताहर केरळ-तमिळनाडूच्या डोंगरात. धाराशिव जिल्ह्यात रानशेळी नाही. दिसलं ते शेरडू आहे, आणि शेरडाला मालक असतो. या दुसऱ्या मुद्द्याकडे शहरी गिर्यारोहकांचं हमखास दुर्लक्ष होतं.

आधी जात ओळखावी. अंग बहुतेक काळं, कान लोंबते, एखादीच्या कानावर पांढरे ठिपके: ही उस्मानाबादी. (जिल्ह्याचं नाव २०२३मध्ये बदललं, शेळीनं अजून अर्ज केलेला नाही.) एक करडू दिसलं तर दुसरं शोधावं, कारण जुळी देण्याबद्दल या जातीची ख्याती आहे. मागून दबकत जाऊन फोटो काढण्याचा बेत मात्र सोडून द्यावा. शेळीच्या डोळ्यातली बाहुली गोल नसते, आडवी फट असते. मान न वळवता तिला आजूबाजूचं बरंच दिसतं. आपण बोराटीत पँट फाडून घेत पुढे सरकतो तेव्हा ती मागच्या दोन पायांवर उभी राहून बाभळीचा पाला ओरबाडत असते, आणि आपला सगळा पराक्रम तिनं केव्हाच पाहिलेला असतो.

पाठपिशवीची चेन लावलेली असावी. बिस्किटं देऊ नयेत. एकीला दिलं की सगळं खांड येतं, आणि मग नकाशाही जातो.

येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात जरा वेगळी काळजी हवी. यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला एक वाघ २०२४च्या डिसेंबरात तिथल्या कॅमेऱ्यात दिसला. पुढे त्याला पकडायला पथक आलं, त्यालाही त्यानं चकवलं. तेव्हा झुडूप हललं आणि काळं दिसलं, तर वरील सूचना पाळाव्यात. पट्टे दिसले, तर या मार्गदर्शिकेची हद्द संपली.

आता मालक. तो दिसत नाही, आधी त्याची आकडी दिसते: लांब काठीच्या टोकाला बांधलेला विळा, फांद्या खाली ओढायला. घाबरू नये. मागोमाग प्रश्न येतो, “कुण्या गावचं, पाव्हणं?” इथं ‘पुणे’ एवढ्यावर भागत नाही, मूळ गाव, तालुका आणि शक्य झाल्यास एखादा सोयरा सांगावा. “काय करायलाव हितं?” याला ‘ट्रेकिंग’ हे उत्तर देऊ नये. काम नसताना माणूस उन्हात डोंगर चढतो, हे पटवून देण्यात दुपार जाते. ‘देवाला आलो होतो’ म्हणावं. तुळजापूर जवळ असल्यानं ते कुठल्याही टेकडीवर खपतं.

बोकडाची किंमत गंमत म्हणून विचारू नये. तो लगेच बोकडाचा जबडा उघडून दात दाखवतो, पाठीवरून आपलाच हात फिरवायला लावतो आणि आकडा सांगतो. ‘सहज विचारलं’ म्हणण्याची वेळ तेव्हा टळून गेलेली असते.

शेवटी तो विचारेल, “पांढऱ्या कानाची एक पाट दिसली का वर?” दिसली असल्यास सांगावं, पण मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश वाचू नयेत आणि मीटरही सांगू नयेत. बाभळीजवळ, एवढं म्हणावं. कोणत्या बाभळीजवळ, ते तो विचारेलच, आणि आकडी तुमच्या हातात देऊन म्हणेल, “चला, दावा.”